माळ्यावरचा १९९६ चा टीव्ही: दुरुस्तीच्या नोंदी, सातारा

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा काल झाला. ताई आणि भाचा पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. आईने लगेच दिवाळीची आवराआवर काढली आणि माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक माझा शाळेतला कॅसेटवाला व्हिडीओ गेम, बंदुकीसकट. दुसरा जुन्या चादरीत गुंडाळलेला २१ इंची रंगीत टीव्ही. बाबांनी तो १९९६ च्या वर्ल्डकपसाठी घेतला होता. शेवटची बारा-तेरा वर्षं तो माळ्यावरच होता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातले बहुतेक सेट आतून भावंडंच आहेत.

गेम हॉलमधल्या एलईडी टीव्हीला जोडला. चित्र आलं, सूर वाजले, बदकं उडाली, पण बंदुकीने एकही पडेना. भाच्याच्या मते बंदूक बिघडलीय. तसं नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधत असतो. पिक्चर ट्यूबवर चौकोन हातोहात उमटतो. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे ठेवून घेतो आणि मग दाखवतो, तोवर गेमने नेम चुकल्याचा निकाल देऊन टाकलेला असतो. थोडक्यात, बदकं मारायची तर जुना टीव्हीच हवा.

जुना टीव्ही लावला. ढिम्म. लाल दिवासुद्धा नाही.

संध्याकाळी गाडीत बसताना भाचा म्हणाला, “मामा, दिवाळीला येतो. तोपर्यंत कर.” म्हणून ही वही. मी मेकॅनिक नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पंचवीस वर्षांपूर्वी केला, पोट हिशेबाच्या कामावर चालतं. कुणी असलाच सेट उघडणार असेल तर माझ्या चुका तरी त्याला आयत्या मिळतील.

१४ ऑक्टोबर, सोमवार. रात्री ९ ते ११

मागचं झाकण सहा स्क्रूंवर. उघडल्यावर आत धूळ नव्हे, लोकर होती. एलओटीच्या (ट्यूबसाठी हाय व्होल्टेज बनवणारा लाइनचा ट्रान्स्फॉर्मर) पायाशी पालीचा सांगाडा, अगदी शेपटीच्या टोकापर्यंत शाबूत. तोंडाला रुमाल बांधून रंगाच्या कोरड्या ब्रशने सगळं झाडलं. पिक्चर ट्यूबची मागची बारीक मान फार नाजूक असते, तिला ब्रशचा दांडाही लागू दिला नाही. तिथे काच तडकली की ट्यूब गेली, मग बाकीच्या दुरुस्तीला अर्थ नाही.

फ्यूज काढून पाहिला. काच आतून काळीकुट्ट. इथेच थांबून विचार करायला हवा होता. फ्यूजची तार नुसती वितळून तुटली असेल तर गोष्ट वेगळी, काच काळी झाली म्हणजे पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे. हे मला माहीत होतं. तरी ‘बघू या तरी’ म्हणून नवा फ्यूज घातला आणि प्लग लावला.

फट्ट. फ्यूज गेला, बरोबर घरातला एमसीबीही पडला. बाहेर आईची मालिका ऐन वळणावर बंद पडली. पुढचा अर्धा तास दुरुस्तीत गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गल्लीच्या तोंडाशी नाना राहतात. तीस वर्षं रेडिओ-टीव्हीचं दुकान चालवलं, आता बंद आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः डाग देत नाहीत, म्हणजे सोल्डरिंग करत नाहीत, पण डोकं लख्ख आहे. फ्यूजची गोष्ट ऐकून म्हणाले, “फ्यूज गेला म्हंजी त्यानं त्येचं काम केलं लगा. का गेला, ते इचारलंस का त्येला?”

मग सिरीजचा बोर्ड करायला सांगितलं. लाकडी फळीवर बल्बचं होल्डर, एक स्विच आणि एक सॉकेट. फेजची तार आधी १०० वॅटच्या तारेच्या बल्बातून जाते, मग टीव्हीत. आत शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्ब स्वतःवर घेतो आणि पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही आणि काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. एलईडी बल्ब याला चालत नाही, तारेचाच हवा, आणि तारेचा १०० वॅटचा बल्ब मिळवायला पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पाच दुकानं पालथी घालावी लागली. शेवटी मोती चौकाजवळच्या एका दुकानदाराने मागून धूळ झटकत दोन काढून दिले, एक १०० चा आणि एक ६० चा. “घेऊन टाका दोन्ही, कुणी विचारत नाही,” म्हणाला. साठचाही पुढे उपयोग झाला.

बोर्ड करायला दीड तास. टीव्ही जोडला. बल्ब लखलखीत, अजिबात उतरेना. म्हणजे शॉर्ट पक्का. पण आता निवांतपणे शोधता येईल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बल्ब कुणामुळे पेटतोय ते एकेक भाग सोडवून पाहायचं. ट्यूबच्या कडेने फिरणाऱ्या, पडद्यावरचे रंगाचे डाग घालवणाऱ्या जाड डीगॉसिंग कॉइलचा प्लग काढला. बल्ब तसाच. मग वाटलं, डायोड. चारही डायोड मीटरवर तपासले, चांगले. इथे एक तास गेला.

शेवटी पोझिस्टर सोडवून काढला. ही काळी चौकोनी डबी, टीव्ही लावला की कॉइलला क्षणभर वीज देते आणि गरम झाली की ती अडवते. काढून कानाशी हलवली तर खुळखुळा. आतल्या गोळ्यांचा भुगा झाला होता. आमच्या सेटमध्ये तीन पायांचा पोझिस्टर आहे. त्यात दोन गोळ्या असतात, एक कॉइलच्या वाटेत आणि दुसरी सरळ मेन लाइनवर, पहिलीला गरम ठेवायला. म्हणूनच कॉइलचा प्लग काढून काही फरक पडला नव्हता.

पोझिस्टर बाहेर, सिरीज बोर्ड चालू. बल्ब एकदा चमकला आणि विझला. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

पोझिस्टर नसला तरी टीव्ही चालतो, फक्त पडद्यावर रंगाचे डाग राहू शकतात. म्हणून ते काम नंतर. साताऱ्यात तो भाग मिळाला नाही. पार्टची जुनी दुकानं आता सीसीटीव्ही आणि मोबाइलवर गेलीत. दाजींना फोन करून पुण्यात तपकीर गल्लीत बघायला सांगितलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची. वाचणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

बल्ब विझतोय, पण टीव्ही अजून मेलेलाच. म्हणजे शॉर्ट गेला, पण सप्लाय उठत नाही. २३० व्होल्टची वीज डायोडमधून जाऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते, तिथे तीनशेच्या वर डीसी मिळायला हवी. प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो आणि कंडेन्सर रिकामा झालाय का ते मीटरने पाहिलं. काळी प्रोब ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीला अडकवली, कारण ती पकडायला सोपी, आणि लाल प्रोब कंडेन्सरच्या प्लसला. मीटरवर जवळजवळ शून्य. छान, म्हणून प्लेट (सगळे पार्ट बसवलेला सर्किट बोर्ड) उलटी करायला उचलली.

डाव्या हाताचा अंगठा कंडेन्सरच्या दोन्ही डागांवर एकदम पडला.

प्लेट हातातून सुटली, कोपर कपाटावर आपटलं आणि दोन मिनिटं मी नुसता जमिनीवर बसून होतो. अंगठ्यावर दोन बारीक पांढरे ठिपके, कडेने काळे. हात संध्याकाळपर्यंत जड होता. दोन्ही टोकं एकाच अंगठ्याखाली होती म्हणून वाचलो. एक टोक एका हाताला आणि दुसरं दुसऱ्या हाताला लागलं असतं तर वाट छातीतून गेली असती.

मीटर खोटं बोललं नव्हतं, मी प्रश्न चुकीचा विचारला होता. या सेटमध्ये ग्राउंड दोन असतात. सप्लायच्या ट्रान्स्फॉर्मरच्या अलीकडचं एक, ते थेट मेन लाइनशी जोडलेलं. पलीकडचं दुसरं, ट्यूनर, आवाज आणि एव्ही जॅकचं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पलीकडच्या ग्राउंडवर प्रोब ठेवून अलीकडचा कंडेन्सर मोजला तर आत तीनशे व्होल्ट असूनही मीटर काहीच दाखवत नाही. कंडेन्सर मोजायचा तर त्याच्याच दोन पायांवर. मग मोजला. प्लग काढून पंधरा मिनिटं होऊन गेल्यावरही २८७ व्होल्ट.

इतका वेळ का टिकला, तेही कळलं. चालू टीव्ही बंद केला की सप्लाय स्वतःच तो साठा पिऊन टाकतो. सप्लाय मेलेला असेल तर प्यायला कुणी नसतं. म्हणजे मेलेला टीव्ही चालू टीव्हीपेक्षा जास्त लबाड.

आणखी एक गैरसमज. आमच्याकडे ईएलसीबी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. वीज फेजमधून अंगातून जमिनीत गेली तर तो पडतो. प्लग काढलेल्या कंडेन्सरच्या दोन टोकांत बोट अडकलं तर त्याला पत्ताही लागत नाही.

संध्याकाळी काहीच केलं नाही. आईला मुंगी चावली म्हणून सांगितलं.

२० ऑक्टोबर, रविवार

नानांना अंगठा दाखवला. ते हसले नाहीत. “टीव्ही मेला तरी चालंल. तू नको मरूस.” त्यांच्या सांगण्यावरून कंडेन्सर उतरवायचं, म्हणजे रिकामा करायचं, साधन केलं. २.२ के (किलो-ओहम), १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स, दोन्ही बाजूंना जाड तार, टोकांना प्रोब, सगळ्यावर स्लीव्ह. कंडेन्सरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरायचं, मग मीटरने त्याच दोन पायांवर मोजून पाच व्होल्टच्या खाली आलंय ना ते पाहायचं, मगच हात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे लोक असतात. नानांच्याही दुकानात तसला एक पोरगा होता. त्यात कंडेन्सर, प्लेट आणि डोळा, तिन्ही पणाला लागतात.

आजपासूनचे माझे नियम भिंतीवर लिहून चिकटवले. अंगठी आणि घड्याळ काढायचं. पायात रबरी चप्पल. चालू सेटवर मोजताना डावा हात खिशात. घरात दुसरं माणूस जागं असेल तरच प्लग लावायचा. आणि रात्री दहानंतर काम नाही, कारण माझ्या सगळ्या चुका दहानंतरच्या आहेत. शनिवारची सोडून.

मग बिघाड. मोठ्या कंडेन्सरच्या प्लसपासून मुख्य ट्रान्झिस्टरच्या बेसकडे एक मोठ्या किमतीचा रेझिस्टन्स जातो, सुरुवातीचा धक्का देणारा. रंग लाल-जांभळा-पिवळा, म्हणजे २७० के. एक पाय सोडवून मोजला, मीटरवर काहीच नाही, आतून तुटलेला. वरून मात्र नव्यासारखा. इतकी वर्षं तीनशे व्होल्ट अंगावर घेऊन हे रेझिस्टन्स असेच गुपचूप मरतात.

दुकानात २७० के अर्ध्या वॅटमध्ये नव्हता. पाव वॅटचा होता, पण पाव वॅटवाला साधारण अडीचशे व्होल्टच सहन करतो. म्हणून १२० के चे अर्ध्या वॅटचे दोन, एकापुढे एक. २४० के झाले, चालतं, आणि दाबही दोघांत वाटला जातो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सप्लाय उठला! पण टीव्ही लगेच पूर्ण जोडायचा नाही. एलओटीकडे जाणारी मुख्य लाइन, बी प्लस, सोडवून तिच्यावर ६० वॅटचा बल्ब भार म्हणून लावला. प्लेटवर छापलंय ११० व्होल्ट. माझ्याकडे आले १४८.

इथे मी जी अक्कल चालवली ती लिहायला लाज वाटते. प्लेटवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा प्रीसेट आहे, तो फिरवून १४८ चे ११० केले आणि खूश होऊन जेवायला गेलो. जेवून आलो तर १२६. परत फिरवलं. वीस मिनिटांनी ९८.

नानांना फोन. पलीकडून आधी नुसता उसासा. “ताप आला म्हणून थर्मामीटर मोडतोस व्हय? कंडेन्सर वाळलाय तुझा.”

सप्लायच्या गरम बाजूला, हीटसिंकला खेटून, चार छोटे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आहेत. फुगलेला एकही नाही, दिसायला सगळे ठीक. पण वर्षानुवर्षं उष्णतेने आतलं द्रव्य सुकतं. व्होल्टेज किती झालं हे सप्लायला सांगण्याचं काम त्यांच्यातल्याच एकाकडे असतं. तो सुकला की कमी सांगतो, आणि सप्लाय आणखी जोर लावतो. चारही बदलले, १०५ डिग्रीवाले घेतले. पहिल्यांदा एक उलटा बसवत होतो, प्लेटवरची खूण परत पाहिली म्हणून वाचला. उलटा बसलेला फटाक्यासारखा फुटतो. प्रीसेट पूर्वीच्या जागी आणला, ती जागा मी सुदैवाने पेन्सिलने मारून ठेवली होती. आता १११ व्होल्ट. तासाभराने १११. दुसऱ्या दिवशी सकाळी १११.

१४८ वर तसाच एलओटी जोडला असता तर लाइनचा ट्रान्झिस्टर पहिल्या सेकंदाला गेला असता. न जाता चालला असता तर आणखी वाईट, कारण बी प्लस वाढलं की ट्यूबवरचं हाय व्होल्टेजही वाढतं आणि त्याबरोबर ट्यूबमधून निघणारे क्ष-किरणही. काच ते अडवते, पण ठरलेल्या व्होल्टेजपर्यंतचे. म्हणून बी प्लस छापलेल्या आकड्यावर येईपर्यंत ट्यूब पेटवायची नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी पुण्यात भारत न्यूझीलंडकडून हरला, बारा वर्षांत पहिल्यांदा घरची मालिका गेली. ज्या टीव्हीवर आम्ही ९६ ची सेमीफायनल पाहिली तोच आज उठवायचा होता, त्यामुळे शकुन फारसा बरा नव्हता.

बी प्लस जोडलं. सिरीज बल्ब आहेच. प्लग. आतून तो जुना आवाज, पडद्यावर केस उभे करणारी सळसळ, मानेच्या टोकाशी नारिंगी ठिपका. स्पीकरमधून खरखर. आणि पडद्याच्या मधोमध एकच आडवी, डोळे दिपवणारी पांढरी रेष.

रेष आली म्हणजे खरं तर बरंच काही जगलं: सप्लाय, लाइन, एलओटी, ट्यूब. मेलंय फक्त व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. पण ती रेष तशीच ठेवली तर तेवढ्या पट्टीतला फॉस्फर जळतो आणि पडद्यावर कायमचा व्रण राहतो. एलओटीवर खाली स्क्रीनचं बटण असतं, ते आधी रेष जेमतेम दिसेल इतकं कमी केलं. हे मला सुचायला अर्धं मिनिट लागलं, नशिबाने तेवढ्यात व्रण उठला नाही.

बंद केला. आता कंडेन्सरखेरीज दुसरा साठा, ट्यूबचा. २१ इंची सेटमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट, आणि काच स्वतःच कंडेन्सर असल्याने बंद केल्यावरही ते राहतात. प्लेट बाहेर काढायची होती म्हणून एलओटीची हाय व्होल्टेजची वायर जिथे ट्यूबच्या काचेत शिरते तिथली रबरी टोपी काढणं भाग होतं. प्लग बाहेर, ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपावरून जी उघडी विणलेली तार जाते तिला एक वायर क्लिपने पकडवली, वायरचं दुसरं टोक लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला, आणि एका हाताने ते पातं टोपीच्या कडेखालून आत सरकवलं. टक्. पाच मिनिटांनी पुन्हा केलं, पुन्हा एक बारीक टक्. काच थोडी वीज मागाहून परत देते, म्हणून दोनदा. वायर ट्यूबच्या त्या तारेलाच लावायची, प्लेटच्या ग्राउंडला नाही, नाहीतर तो झटका आयसींतून जातो.

व्हर्टिकल आयसीच्या पायांवर भिंग धरलं. सात-आठ पायांभोवती केसासारखी गोल चीर. ड्राय सोल्डर, म्हणजे पकड सुटलेला डाग. जुना डाग पंपाने ओढून नवे दिले. जोडलं, लावलं. रेष.

तेव्हा आयसीच गेला असणार असं ठरवून ऑनलाइन मागवला, १४० रुपये आणि वर ६० पोचवायचे.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

दाजी भाच्याला सोडून गेले, पोझिस्टर देऊन. तपकीर गल्लीतून ७० रुपयांना आणलेला, दोन पायांचा. मला तीन पायांचा हवा होता. चूक माझी, फोनवर मी फक्त ‘पोझिस्टर’ म्हणालो होतो. दाजींनी दोन दुकानं फिरून आणला म्हणून तोंडावर काही बोललो नाही.

भाच्याला खोलीच्या उंबऱ्यावर खडूने रेघ मारून दिली. टीव्ही उघडा असेपर्यंत रेघेच्या आत यायचं नाही. त्याने अंगणात किल्ल्याला सुरुवात केली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पण याला करायचाय प्रतापगड.

३० ऑक्टोबर, बुधवार

आयसी काल आला. आज बदलला. जुना काढताना तांब्याची एक पट्टी उचकटली, तिला तारेचा पूल द्यावा लागला. लावलं. रेष.

आता मात्र मी खुर्चीत बसलो आणि मेकॅनिकसारखा नाही, प्लंबरसारखा विचार केला. पाणी कुठपर्यंत येतंय? आयसीला त्याचे २४ व्होल्ट मिळतायत. आयसीतून बाहेर पडणारी वीज मानेवरच्या, किरण पडद्यावर फिरवणाऱ्या यो‌क कॉइलला जाते, चार पायांच्या कनेक्टरमधून. प्लेट उलटी केली (उतरवून, मोजून), कनेक्टरचे चार पाय. दोन लाइनचे, ठीक. उरलेल्या दोनपैकी एका पायाभोवती गोल चीर, आणि कनेक्टर हलवला की पाय डागात आत-बाहेर होतोय. डोळ्यांना सहज दिसण्याइतका.

एक डाग. वीस सेकंद. पूर्ण पडदा.

आयसी पहिल्यापासून चांगला होता. २०० रुपये, चार दिवस आणि एक तांब्याची पट्टी उगाच गेली. कारण मी चीर जिथे असेल असं वाटलं तिथेच भिंग नेलं, सगळ्या प्लेटवरून फिरवलं नाही. तेव्हा बसूनच एलओटीचे पाय, लाइन ट्रान्झिस्टर, ट्यूबच्या सॉकेटची छोटी प्लेट, जिथे जिथे पार्ट गरम किंवा जड तिथे सगळीकडे डाग ताजे केले.

चित्राच्या वरच्या दोन इंचांत रेषा एकमेकींवर दुमडत होत्या. आयसीशेजारचा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलला, गेलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

अभ्यंगस्नान आणि फराळ करून नानांकडे डबा घेऊन गेलो. त्यांनी पलंगाखालून भंगार प्लेट्सचं खोकं ओढलं आणि तीन पायांचा पोझिस्टर काढून दिला. हलवून दाखवला, वाजत नव्हता. पैसे घेतले नाहीत. चकली मात्र तिथेच मोडली.

पोझिस्टर बसवला. चालू करताच कॉइलचा ‘घुंग्’ आणि उजव्या कोपऱ्यातला जांभळा डाग थरथरत विरून गेला. पूर्ण गेला नाही, अंगठ्याएवढा उरलाय. पोझिस्टर थंड व्हायला वीसेक मिनिटं द्यावी लागतात, लगेच बंद-चालू करून उपयोग नाही. तीन-चार दिवसांत कमी होईल असं नाना म्हणाले.

सिरीज बल्ब काढून पहिल्यांदाच सरळ लाइनवर दोन तास चालवला. झाकण लावताना सहापैकी पाचच स्क्रू सापडले.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ताई कालच आली. गेम एव्ही जॅकला जोडला. भाच्याने पहिल्या गोळीत बदक पाडलं, मग ताईने, आणि ओवाळून झाल्यावर आईने. आईने बंदूक पडद्याला टेकवून मारलं. बदक पडलं, तेव्हा नियमात बसतं.

दुपारी भाचा म्हणाला, “मामा, टीव्ही शिट्टी मारतोय.” मी कान लावला, काहीच नाही. ताईला नाही, आईला नाही. त्याला मात्र दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येते, आणि टीव्ही बंद केला की बंद होते. मी घाबरलो. एलओटीला चीर गेली की असा आवाज येतो असं कुठेतरी वाचलेलं. बदकं थांबवली, झाकण उघडलं, अंधार करून ठिणगी दिसते का पाहिलं, बी प्लस मोजलं. १११. सणाच्या दिवशी एक तास.

नानांना फोन केला तर हसायलाच लागले. लाइनचा ट्रान्स्फॉर्मर सेकंदाला १५,६२५ वेळा थरथरतो, आपल्या ६२५ रेषा गुणिले २५. तो आवाज चांगल्या टीव्हीलाही असतो. पोरांना ऐकू येतो, वय वाढलं की त्या उंचीचे आवाज कानातून जातात. “तुझ्या बापाला मी हाच टीव्ही दुरुस्त करून दिला तवा तू सांगितलं हुतंस मला, शिट्टी वाजतीया म्हणून.”

मला आठवत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

हिशेब मांडला. फ्यूज पाच ३०, सिरीज बोर्ड २१०, दोन बल्ब ५०, सिमेंटचा रेझिस्टन्स २०, १२० के चे दोन १०, कंडेन्सर ७५, न लागणारा आयसी पोचवणुकीसह २००, चुकीचा पोझिस्टर ७०, शिसं आणि पंप २४०. एकूण ९०५ रुपये. यातला टीव्हीला खरोखर लागलेला माल ९१ रुपयांचा, एक फ्यूज, दोन रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. वेळ साधारण तीस तास, त्यातले निम्मे माझ्या चुकांचे.

आठवडाभर रोज तासभर चालवला. बी प्लस १११. जांभळा डाग शेंगदाण्याएवढा राहिलाय. चालू-बंदचं बटण कधी कधी अडकतं, ते बदलायचंय. तोवर खेळ झाला की प्लग काढून ठेवतो.

सहावा स्क्रू आज सापडला. किल्ला मोडताना आईला मुख्य बुरुजावर चिखलात रोवलेला दिसला, शेजारी एक मावळा उभा करून. तोफ म्हणून लावला होता.